गिरणीचा मालक सरकार, मग जाब कोणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



लालबागला भारतमाता सिनेमा आहे. मराठी चित्रपटाला मुंबईत हक्काचं घर मिळालं ते इथे. परळच्या बाजूने येणारी बस सिग्नलला थांबली की कंडक्टर ‘भारतमाता’ असं ओरडायचा आणि निम्मी बस रिकामी व्हायची. त्या थिएटरच्या तिकिटाच्या खिडकीपुढे माझ्या पिढीने काही तास नव्हे, काही महिने काढले असतील. पण आपण ज्या फरशीवर उभे आहोत ती जमीन कोणाची, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. ती जमीन इंडिया युनायटेड मिल नंबर एकच्या आवारातली. आणि ती गिरणी होती नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनची, म्हणजे आपण ज्याला ‘एनटीसी’ म्हणतो त्या सरकारी महामंडळाची. थोडक्यात, दादा कोंडक्यांचे सिनेमे आम्ही भारत सरकारच्या जागेत बसून पाहत होतो.

हे थिएटर जाणार अशी बोलणी निघाली तेव्हा लालबागकर आणि मराठी चित्रपटसृष्टीतली मंडळी एकत्र आली, आवाज उठला. त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळलं की इथला मालक कोणी शेठ नाही. शेठ असता तर त्याच्या पेढीवर मोर्चा नेता आला असता. इथला मालक होता दिल्लीतलं एक महामंडळ, त्याच्यावर वस्त्रोद्योग मंत्रालय, त्याच्यावर मंत्रिमंडळ आणि या सगळ्यांवर संसद. आज मला बोलायचं आहे ते या शेवटच्या पायरीबद्दल. डबघाईला आलेल्या गिरण्या आणि त्यांच्या जमिनी सरकारने ताब्यात घेतल्या, सांभाळल्या, विकल्या. या सगळ्या व्यवहाराकडे संसदेने कसं पाहिलं? काय विचारलं, आणि काय विचारायचं राहून गेलं?

आधी थोडं मागे जाऊ. इंडिया युनायटेड हे नाव तसं अलीकडचं. मूळच्या या गिरण्या ससून घराण्याच्या. बगदादहून आलेल्या या ज्यू व्यापाऱ्यांनी मुंबईत कापडाचं साम्राज्य उभं केलं. त्यांची जेकब ससून मिल ही शहरातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, ससूनांनी हा सगळा गट विकून टाकला आणि नव्या मालकांच्या हाती त्याला इंडिया युनायटेड हे नाव मिळालं. लालबाग, काळाचौकी, दादर अशा ठिकठिकाणी या गटाच्या नंबरवार गिरण्या होत्या. युद्धात कापडाला सोन्याचा भाव आला. पैसा आला तो यंत्रांत परत गेला नाही. साठचं दशक येईपर्यंत अनेक गिरण्यांतले माग जुनाट झाले होते, यंत्रमागाची स्पर्धा सुरू झाली होती, देणी थकली होती. अशा गिरण्यांना सरकारी भाषेत ‘आजारी’ म्हणतात. लालबागमध्ये ‘आजारी’ हा शब्द आम्ही माणसांआधी गिरण्यांसाठीच जास्त ऐकला.

या आजारी गिरण्या चालवण्यासाठी १९६८ च्या एप्रिलमध्ये एनटीसीची स्थापना झाली. १९७२ साली सरकारने ४६ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं आणि १९७४ च्या कायद्याने देशभरातल्या १०३ गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. इंडिया युनायटेड, अपोलो, ज्युपिटर, दिग्विजय, भारत, मुंबई टेक्स्टाइल या गिरण्या त्या यादीत होत्या. नंतर आला १९८२ चा संप. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाची कथा इथे सांगत नाही, ती तुम्हाला माहीत आहे, कित्येकांच्या घरातली आहे. आपल्या विषयापुरतं एवढंच की संप रीतसर मिटलाच नाही आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून मुंबईतल्या आणखी १३ गिरण्यांचं व्यवस्थापन आपल्या हाती घेतलं. फिनले, जाम, टाटा, कोहिनूर, सीताराम, पोदार, एल्फिन्स्टन, मधुसूदन अशी ती नावं. चाळीत त्या दिवसांत एक आशा होती. शेठ गेला, सरकार आलं, म्हणजे गिरणी आता बंद पडणार नाही, असं लोक मानत होते.

आता एक न्यायालयीन प्रकरण सांगतो. ते फारसं कोणी आठवत नाही, पण पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली त्यात आहे. डिलाइल रोडच्या सीताराम मिलच्या मालकांनी या ताब्याला आव्हान दिलं. त्यांच्या म्हणण्यातला एक मुद्दा असा की, तुम्ही गिरणी घेतली ती घेतली, पण गिरणीच्या आवारात जी जादा मोकळी जमीन आहे, ती काही कापड विणत नाही; ती आमची स्थावर मालमत्ता, ती आम्हाला राहू द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८६ साली न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली. ही जादा जमीन गिरणीच्याच उपयोगासाठी आहे, ती गिरणीपासून वेगळी काढता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे जमीन सरकारकडे आली ती ‘गिरणीची जमीन’ म्हणून. हे ध्यानात ठेवा.

कारण पुढे नऊच वर्षांनी, १९९५ साली, संसदेने दोन गोष्टी केल्या. ताब्यातल्या या गिरण्यांचं, कानपूरच्या दोन गिरण्यांसह, पूर्ण राष्ट्रीयीकरण केलं. आणि एनटीसीला जमीन, यंत्रं आणि इतर मालमत्ता विकण्याचा अधिकार दिला. अट होती. विक्री गिरणीच्या चांगल्या व्यवस्थापनासाठी, आधुनिकीकरणासाठी, पुनर्रचनेसाठी किंवा पुनरुज्जीवनासाठी हवी, केंद्र सरकारची आधी परवानगी हवी, आणि ज्या कामासाठी परवानगी मिळाली त्याखेरीज दुसऱ्या कामाला पैसा वापरायचा नाही. कागदावर अट चांगली आहे. गिरणी जगवण्यासाठी गिरणीची जमीन विका, असा तिचा सरळ अर्थ. पण ‘पुनर्रचना’ या शब्दात पुष्कळ काही मावतं. कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे देऊन घरी पाठवणं हेही पुनर्रचनेतच बसलं.

हे असं का झालं, ते समजण्यासारखं आहे. एनटीसीचा तोटा दरवर्षी वाढत होता. तिच्या नऊपैकी आठ उपकंपन्या आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या मंडळापुढे, बीआयएफआरपुढे, गेल्या होत्या. आजारी गिरण्या बऱ्या करायला काढलेलं महामंडळ स्वतःच खाटेवर पडलं. तिजोरीतून दरवर्षी पगारासाठी पैसा घालायचा की जमीन विकून एकदाची सोय लावायची, असा हिशेब दिल्लीत मांडला गेला. २००२ च्या सुमारास मंडळाने पुनर्वसनाच्या योजना मंजूर केल्या. त्यांत काही गिरण्या चालवायच्या, बाकीच्या बंद करायच्या आणि बंद गिरण्यांच्या जमिनी विकून पैसा उभा करायचा असं ठरलं. विक्रीसाठी मालमत्ता विक्री समिती नेमली गेली. हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘स्वेच्छा’ हा शब्द किती सैल असतो, ते त्या रांगेत उभं राहिलेल्याला विचारावं.

इकडे मुंबईत जमिनीचे नियम वेगळ्याच टेबलावर ठरत होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन भाग: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि एनटीसीच्या मुंबईतल्या २५ गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित विचार करायला सांगितलं. एकेक तुकडा वेगळा विकण्याऐवजी सगळ्यांचा मिळून आराखडा करा, परळला मोकळ्या जागा, रस्ते, घरं मिळतील, अशी त्या अहवालाची दिशा होती. मालक एकच असल्यामुळे हे शक्य होतं. खाजगी गिरण्यांच्या बाबतीत इतक्या मालकांना एका टेबलाशी बसवणं कठीण. इथे तर एकच मालक, तोही सरकार. अहवाल फायलीत राहिला.

मग २० मार्च २००१ रोजी नियम अठ्ठावन्न बदलला. तीन वाटे करायचे ते आता फक्त मोकळ्या जमिनीचे. जिथे गिरणीची बांधकामं उभी होती ती जमीन वाटपातून वगळली. समजा, दहा एकरांची गिरणी आहे आणि आठ एकरांवर शेड, गोदामं, चिमणी आहेत. जुन्या नियमाने दहा एकरांचे तीन वाटे झाले असते. नव्या नियमाने दोन एकरांचे. गिरणगावातल्या गिरण्या किती दाटीने बांधलेल्या होत्या, हे ज्याने त्या पाहिल्या त्याला सांगायला नको.

आता संसदेकडे वळू. सरकारी कंपनीवर संसदेची नजर कशी राहते? पहिली वाट प्रश्नोत्तरांची. खासदार तारांकित किंवा अतारांकित प्रश्न विचारतो, मंत्री उत्तर देतो. गिरणगावाला या बाबतीत माणसांची वाण नव्हती. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे या भागातून लोकसभेत गेले होते. संपात होरपळलेल्या गिरणगावाने १९८४ मध्ये, काँग्रेसची देशभर लाट असताना, दत्ता सामंतांनाच लोकसभेवर पाठवलं. १९९१ पासून २००९ पर्यंत मोहन रावले इथले खासदार, तेही लालबाग-परळच्या मातीतलेच. म्हणजे आवाज पोचत नव्हता असं म्हणता येत नाही.

दुसरी वाट हिशेब तपासणीची. सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल आणि त्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचे शेरे दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात. तिसरी वाट समित्यांची. १९६४ पासून संसदेत सार्वजनिक उपक्रम समिती आहे. लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात सदस्य. ही समिती महामंडळाच्या अधिकाऱ्यांना, मंत्रालयाच्या सचिवाला समोर बसवून विचारू शकते. १९९३ पासून खात्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थायी समित्या आल्या. वस्त्रोद्योगाचा विषय २००४ नंतर श्रमविषयक स्थायी समितीकडे गेला. कामगार आणि कापड एकाच समितीकडे, हे मला तरी योग्य वाटतं.

एवढी सगळी व्यवस्था असताना प्रश्न का राहून गेला? त्याचं एक कारण नियमांतच आहे. लोकसभेच्या कामकाजाचे नियम सार्वजनिक उपक्रम समितीला सांगतात की महामंडळाचे अहवाल, हिशेब, कारभाराची कार्यक्षमता तपासा. पण सरकारच्या मोठ्या धोरणाच्या बाबी तपासू नका आणि रोजच्या कारभारातही शिरू नका. हा नियम मुळात शहाणपणाचा आहे. समितीने महामंडळ चालवायला घेऊ नये, हे ठीक. पण एनटीसीच्या जमिनीला तो लावून पाहा. जमीन विकायची की ठेवायची, हे धोरण. ते मंत्रिमंडळाचं. कोणती निविदा उघडायची, हा रोजचा कारभार. तो महामंडळाचा. मग समितीला उरलं काय? भाव बरा आला का, पैसा वेळेवर जमा झाला का, तोटा का वाढला. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण जमिनीचा उपयोग काय व्हावा, हा प्रश्न कोणाच्याच ताटात पडला नाही. संसदेत तो राज्याचा नगररचनेचा विषय म्हणून टळायचा. विधिमंडळात एनटीसीचा विषय केंद्राचा म्हणून टळायचा. महापालिका नियमांकडे बोट दाखवायची. आणि आजारी उद्योगांच्या मंडळाला तर गिरणीची प्रकृती पाहायची होती, गावाची नाही.

शिवाय समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सरकार त्यावर उत्तर देतं, समिती त्या उत्तरावर पुन्हा ‘कार्यवाही अहवाल’ देते. हा पत्रव्यवहार चालू असताना जमिनीवर पायलिंगचं मशीन लागलेलं असतं.

२००५ साली ते लागलंच. ज्युपिटर मिलची जमीन २७६ कोटींना गेली, एल्फिन्स्टनची ४४१ कोटींना, अपोलोची १८० कोटींना. दादरला शिवसेना भवनासमोरची कोहिनूर मिल नंबर तीन ४२१ कोटींना विकली गेली. घेणाऱ्यांत राज ठाकरे आणि मनोहर जोशी यांचे चिरंजीव उन्मेष जोशी यांच्या कंपन्या होत्या. जुलैमध्ये मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे सतरा एकर जमीन डीएलएफ कंपनीने ७०२ कोटींना घेतली. वर्तमानपत्रांत तो विक्रम म्हणून छापून आला. सरकारी मालमत्तेला निविदा काढून विक्रमी भाव मिळाला, आता कोण काय बोलणार?

बोललं ते एका पर्यावरण संस्थेने. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने २००१ च्या बदललेल्या नियमाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. १७ ऑक्टोबर २००५ ला उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एनटीसीच्या विक्रीलाही त्याचा फटका बसला. पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि विक्री, नियम दोन्ही टिकले. म्हणजे जमिनीचा उपयोग काय, या प्रश्नाची सविस्तर चर्चा या देशात झाली ती न्यायालयात, आणि तीही एका नियमाचा अर्थ लावण्यापुरती. न्यायालयाचं काम नियम वैध आहे का ते पाहणं. नियम चांगला आहे का, हे पाहायला लोकांनी निवडून दिलेली सभागृहं असतात.

भावाचंही पुढे काय झालं ते ऐका. मुंबई टेक्स्टाइलची तीच जमीन डीएलएफने २०१२ साली लोढा समूहाला २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत जवळजवळ चौपट. यावरून २००५ च्या अधिकाऱ्यांवर ठपका ठेवावा असं मी म्हणणार नाही. त्या वेळी मिळालेला भाव त्या बाजारात मोठाच होता आणि उद्याचा भाव आज कोणाला कळतो? पण ज्यांनी ‘जमीन विकली ती पैशासाठी’ असं समर्थन केलं, त्यांच्यासाठी हा आकडा बोलका आहे. सरकारला घाई होती, आणि घाई नसलेल्या माणसाने पैसा केला.

अशी पेचाची गोष्ट फक्त आपल्याकडे घडली असं नाही. आयर्लंड हा छोटासा देश. २००८ मध्ये तिथला घरबांधणीचा फुगा फुटला, बँका बुडायला आल्या. सरकारने २००९ मध्ये ‘नामा’ नावाची संस्था काढून बँकांची बुडीत कर्जं आणि त्यांच्यामागच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. २०१४ मध्ये या नामाने उत्तर आयर्लंडमधली कर्जं एका अमेरिकन गुंतवणूक संस्थेला एकगठ्ठा विकली. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१६ साली म्हटलं की या व्यवहारात सुमारे १९ कोटी पौंडांचा तोटा झालेला असू शकतो. नामाने ते साफ नाकारलं. मग तिथल्या संसदेच्या लोकलेखा समितीने नामाच्या अधिकाऱ्यांना आणि खुद्द अर्थमंत्र्यांना बोलावलं, आणि हे सगळं उघड बैठकीत, लोकांना दूरचित्रवाणीवर पाहता येईल असं. २०१७ च्या मार्चमध्ये समितीचा अहवाल आला. आपल्याकडे समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. साक्षीत काय झालं ते अहवाल पटलावर आल्यावर कळतं, तेही जेवढं छापलं तेवढं. लालबागच्या एखाद्या माजी बदली कामगाराला आपल्या गिरणीच्या जमिनीबद्दल सचिवसाहेब काय सांगतात ते बसून ऐकता आलं असतं, तर चर्चेचा रंगच बदलला असता, असं मला वाटतं. अर्थात तिथेही भांडण मुख्यतः भावाचंच झालं, हेही खरं. पण त्याच नामाकडून स्थानिक संस्थांसाठी आणि गरजूंसाठी दोन हजारांहून अधिक घरं मिळवली गेली. बाजारात विकायला काढलेल्या मालमत्तेतून आधी घरं बाजूला काढता येतात, हे तिथे दिसलं.

आणि आपल्याकडे? जमीन कशासाठी, हा प्रश्न आपल्या संसदेपुढे एकदा मात्र थेट आला. दादरला चैत्यभूमीजवळ इंडिया युनायटेड मिल नंबर सहा, लोकांच्या तोंडी ‘इंदू मिल’. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक व्हावं ही मागणी जुनी. ६ डिसेंबर २०११ ला, महापरिनिर्वाणदिनी, आनंदराज आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते मिलमध्ये शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. वर्षभर आंदोलनं, शिष्टमंडळं, राज्यातल्या सगळ्या पक्षांची एकमुखी मागणी. आणि ५ डिसेंबर २०१२ रोजी वस्त्रोद्योगमंत्री आनंद शर्मा यांनी संसदेत जाहीर केलं की इंदू मिलची साडेबारा एकर जमीन स्मारकासाठी दिली जाईल. ११ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते भूमिपूजन झालं; हस्तांतराची कागदपत्रं आणि बांधकाम पुढे कित्येक वर्षं रेंगाळत चाललं, तो भाग वेगळा.

मला यातला एवढाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही की एनटीसी आजारी आहे, तिला बाजारभावाने लिलाव करावाच लागेल. कोणी म्हणालं नाही की हा रोजच्या कारभाराचा विषय आहे. समुद्राकाठची, दादरसारख्या ठिकाणची जमीन, तिचा उपयोग कोणता हे लोकांनी सांगितलं आणि मंत्र्याला सभागृहात उभं राहून हो म्हणावं लागलं. मार्ग होता. २००५ साली तो बंद होता असं नाही. त्या मार्गाने जायला भाग पाडणारी शक्ती तेव्हा उभी राहिली नाही. ‘बंद गिरणी कामगार संघर्ष समिती’चे दत्ता इस्वलकर १९८९ पासून सांगत होते की जमिनीवर कामगाराच्या घराचा हक्क आहे. ते उपोषणाला बसले, मोर्चे काढले. त्यांच्या आणि इतर संघटनांच्या रेट्याने घरांची सोडत सुरू झाली. २८ जून २०१२ ला पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची. १ मार्च २०२० ला बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची सोडत निघाली. सव्वादोनशे चौरस फुटांचं घर, किंमत साडेनऊ लाख. घर मिळालं त्यांना मिळालं. पण अर्ज होते पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हाडाच्या वाट्याला जी जमीन आली तिच्यावर जेवढी घरं बसली तेवढीच बसली. इस्वलकर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले.

संसदेला या जमिनीची आठवण आणखी एकदा झाली, २०१४ साली. काही गिरण्यांच्या जमिनी भाडेपट्ट्यावरच्या होत्या. मूळ जमीनमालक न्यायालयात जाऊन त्या परत मागू लागले आणि निकाल एनटीसीच्या विरुद्ध जाऊ लागले. तेव्हा ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला, की या भाडेपट्ट्याचे हक्क केंद्र सरकारकडेच राहतील. जमीन हातची जाऊ नये म्हणून संसद सुमारे दोन महिन्यांत कायदा करू शकते, हे त्यातून दिसलं.

विकलेल्या गिरण्यांच्या पैशातून आधुनिक गिरण्या उभारायच्या होत्या, त्यांचं काय झालं असं तुम्ही विचाराल. काही उभ्या राहिल्या. आपल्या लालबाग-परळच्या फिनले मिलचं नाव घेऊन अमरावती जिल्ह्यात अचलपूरला नवी गिरणी निघाली. विदर्भात कापूस पिकतो, गिरणी तिकडे जावी हे तसं शहाणपणाचंच. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एनटीसीच्या देशभरातल्या चालू गिरण्या थांबल्या, त्यांत अचलपूरही थांबलं. मुंबईत तोवर चार गिरण्या धापा टाकत चालत होत्या: टाटा, पोदार, काळाचौकीची इंडिया युनायटेड नंबर पाच आणि आपली दिग्विजय. त्यांचेही साचे थांबले. टाळेबंदी उठली, दुकानं उघडली, लोकल सुरू झाल्या, लालबागचा बाजार पुन्हा भरला. साचे थांबलेलेच राहिले. गिरण्या कधी सुरू होणार, कामगारांच्या पगाराचं काय, हे संसदेत विचारलं गेलं.

गिरण्यांबरोबर त्यांच्या चाळीही एनटीसीकडे आल्या होत्या. मुंबईत अशा अकरा गिरण्यांच्या जमिनीवरच्या चाळी आहेत, शंभरी गाठलेल्या, टेकू लावलेल्या. त्यांच्या पुनर्विकासाची फाईल म्हाडा, राज्य सरकार, महामंडळ आणि दिल्लीतलं मंत्रालय यांच्यामध्ये वर्षानुवर्षं फिरत राहिली. अशा चाळीत राहणाऱ्या माणसाला गटाराबद्दल बोलायचं असेल तर त्याने महापालिकेच्या वॉर्डात जावं, नळाच्या पाण्याबद्दलही तिथेच जावं. पण छप्पर गळतंय, जिना खचलाय, हे घरमालकाला सांगायचं असेल, तर त्याला आपला खासदार गाठावा लागतो.